गाभडलेली गाय आणि माणसाचा ताप

गाभण गाय अथवा म्हैस दिवस भरण्यापूर्वीच गाभडली म्हणजे शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान होते. वासरू जाते आणि त्या वेताच्या दुधाचीही आशा मावळते. हे नुकसान डोळ्यांना दिसते, म्हणून त्याची गावात चर्चा होते. परंतु त्याच घटनेतून तिसरे एक नुकसान संभवते व ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याने उघड्या हातांनी मेलेले वासरू उचलले, अडकलेली वार ओढून काढली व गोठा झाडला, त्याला काही आठवड्यांनी ताप येऊ लागतो. संध्याकाळी अंग तापते, रात्री दरदरून घाम सुटतो, सकाळी थोडे बरे वाटते. कंबर व सांधे मात्र ठणकत राहतात. हिवताप किंवा विषमज्वर समजून औषध घेतले जाते. चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा ताप येतो. गाईचे गाभडणे व माणसाचा हा ताप यांचा संबंध असू शकतो, हे घरातील मंडळींना ठाऊक नसते. आणि डॉक्टरांना गोठ्यात काय घडले हे कोणी सांगितलेले नसते. हा संबंध स्पष्ट करणे व तो तोडण्याचे उपाय सांगणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

जनावरांचे रोग आणि माणसाचे आरोग्य

जनावरांना होणारे सर्वच रोग माणसास होत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर ज्यांची भीती असते, त्या घटसर्प व फऱ्या या रोगांनी जनावरे पटापट मरतात. तथापि माणसास त्यांच्यापासून सहसा धोका नसतो. याउलट सांसर्गिक गर्भपात, काळपुळी, क्षय व लेप्टो हे चार जंतुजन्य रोग जनावरांपासून माणसास होतात. त्यांपैकी सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेला नावाच्या जंतूंमुळे होणारा रोग, हा सर्वांत फसवा होय. तो जनावरास क्वचितच मारतो. म्हणून त्याची दहशत बसत नाही आणि तो गोठ्यात वर्षानुवर्षे मुक्काम करतो.

नागपूर जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. येथील शेतकऱ्याच्या दारी गवळाऊ जातीची गाय, नागपुरी म्हैस व बेरारी शेळी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. आता त्यांच्या जोडीस संकरित गाईही आल्या आहेत व दुधाचा धंदा वाढत आहे. जनावरांची खरेदी-विक्री वाढली की त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव फिरतो. अशा रोगांचा अभ्यास करण्याची सोयही नागपुरातच आहे. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ साली स्थापन झाले. २००० साली महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले व त्याचे मुख्यालय नागपूर येथे ठेवण्यात आले. माणूस, जनावर व परिसर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिलाही ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर येथेच बसविण्यात आली. परंतु संस्था कितीही मोठी असली, तरी गावच्या गोठ्यातील बातमी तिच्यापर्यंत पोहोचल्याखेरीज तिचा उपयोग होत नाही.

रोगाचा शोध कसा लागला

या रोगाच्या शोधाची हकिकत बोधप्रद आहे. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना एक चिवट ताप येत असे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी १८८७ साली मृत सैनिकांच्या प्लीहेतून त्याचे जंतू शोधून काढले. त्यांच्याच नावावरून पुढे या जंतूंना ‘ब्रुसेला’ हे नाव मिळाले. जंतू सापडले, पण ते सैनिकांच्या शरीरात येतात कोठून, हे कळण्यास आणखी अठरा वर्षे लागली. १९०५ साली थेमिस्टॉक्लीस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरांनी तेथील शेळ्यांचे रक्त तपासले. त्या शेळ्या दिसण्यात निरोगी होत्या, परंतु त्यांच्या रक्तात रोगाचा पुरावा सापडला व पुढे दुधात जंतूही आढळले. १९०६ साली छावणीत शेळीचे कच्चे दूध बंद करण्यात आले आणि सैनिकांतील ताप झपाट्याने ओसरला.

दरम्यान १८९७ साली डेन्मार्कमधील बर्नहार्ड बँग यांनी गाईंच्या गर्भपाताचे जंतू शोधले होते. गाईचे हे जंतू आणि माल्टाच्या शेळ्यांचे जंतू हे एकाच कुळातील आहेत, ही गोष्ट अमेरिकेतील ॲलिस इव्हान्स या विदुषींनी १९१८ साली प्रसिद्ध केली, तेव्हा पुष्कळ शास्त्रज्ञांना ती पटली नाही. माणसाचा डॉक्टर माणसाकडे पाहत होता व जनावरांचा डॉक्टर जनावराकडे. दोघांचे निष्कर्ष एकत्र ठेवून पाहण्यास मोठा काळ जावा लागला. गावागावांत आजही थोड्याफार प्रमाणात हीच स्थिती आहे.

जनावरांतील लक्षणे

गाईचा गाभणकाळ सुमारे नऊ महिने नऊ दिवसांचा व म्हशीचा सुमारे दहा महिने दहा दिवसांचा असतो. या रोगात गर्भपात बहुधा पाचव्या महिन्यानंतर, म्हणजे गाभणकाळाच्या उत्तरार्धात होतो. वासरू मेलेले पडते किंवा अत्यंत अशक्त जन्मून लवकरच मरते. वार अडकून राहते, मायांगातून घाण स्राव वाहतो आणि जनावर पुन्हा गाभण राहण्यास विलंब लागतो. काही जनावरांच्या गुडघ्यावर पाणी भरलेली गाठ येते. वळूच्या अंडाला सूज येते. शेळ्या-मेंढ्यांतही याच प्रकारे गाभ टाकला जातो. माणसाच्या दृष्टीने शेळी-मेंढीतील जंतूंची जात अधिक तीव्र असते, हे विशेष ध्यानात ठेवावे.

या रोगातील खरी फसगत पुढे आहे. रोगी गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या खेपेस ती दिवस पुरे करून वासरू देते. मालकास वाटते, गाय बरी झाली. वस्तुतः जंतू तिच्या कासेत व शरीरातील गाठींमध्ये दडून राहिलेले असतात आणि प्रत्येक वेतास ते वारेतून, स्रावातून व दुधातून बाहेर पडत असतात. म्हणजे गाभडणे थांबले तरी रोग थांबलेला नसतो.

तथापि गाभडलेले प्रत्येक जनावर याच रोगाने गाभडले, असेही समजू नये. मार लागणे, तीव्र ताप, निकृष्ट आहार, लेप्टो व इतर काही जंतू यांमुळेही गर्भपात होतो. डोळ्यांनी पाहून कारण सांगता येत नाही. त्यासाठी तपासणीच करावी लागते. रक्तातील पाणी व रंगीत द्रव एकत्र करून करावयाची रोझ बंगाल परीक्षा सोपी असून ती काही मिनिटांतच निकाल देते. संपूर्ण कळपाची चाचपणी करावयाची असल्यास दुधावरील वलय परीक्षा उपयोगी पडते. निदान पक्के करण्यासाठी प्रयोगशाळेत पुढील चाचण्या करतात.

एका रात्रीत काय घडते

रोग कसा पसरतो हे समजण्यासाठी नेहमी घडणारा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. पावसाळ्याचे दिवस आहेत. सात महिन्यांची गाभण गाय रात्री गाभडते. पहाटे घरातील बाई शेण काढावयास जाते, तेव्हा तिला मेलेले वासरू दिसते. ती ते पोत्यात घालून उकिरड्यावर टाकते. वार अर्धी लोंबत असते. घरधनी हात घालून ती ओढून काढतो. त्याच्या बोटाला काल कापणी करताना विळा लागलेला असतो. शेजारी बांधलेली दुसरी गाभण गाय जमिनीवर सांडलेला स्राव चाटते. कुत्रे उकिरड्यावरून वार ओढून नेते व ती दुसऱ्याच्या गोठ्यापाशी टाकते. गोठा धुतलेले पाणी उताराने जनावरांच्या हाळाकडे जाते. धारा काढण्याची वेळ झालेली असते. तेव्हा हात नुसते पाण्याने धुऊन दुसऱ्या गाईची धार काढली जाते.

या एका पहाटे घरधन्यास, घरातील बाईस, शेजारच्या गाईस व गावातील दुसऱ्या गोठ्यास रोगाची बाधा होण्याची वाट मोकळी झाली. यात कोणाचा दुष्टपणा नाही. केवळ माहितीचा अभाव आहे. रोगी जनावराच्या वारेत व गर्भजलात जंतूंची संख्या अफाट असते. कडक उन्हात हे जंतू थोड्या वेळात मरतात. परंतु ओलसर, सावलीच्या जागी, शेणात व मातीत ते आठवडेच्या आठवडे, थंडीत तर महिनेही जिवंत राहू शकतात. पावसाळ्यातील अंधारा व ओला गोठा म्हणजे त्यांना सुरक्षित निवाराच होय.

माणसाच्या शरीरात जंतू कसे शिरतात

जंतूंच्या प्रवेशाच्या वाटा तीन आहेत. पहिली वाट कातडीची. हातावरील ओरखडे, भेगा व जखमा यांतून जंतू आत जातात. डोळ्यात उडालेल्या थेंबातूनही जातात. दुसरी वाट श्वासाची. वाळलेला स्राव झाडताना धुळीबरोबर जंतू नाकात जातात. जन्मलेल्या करडाने श्वास घेतला नाही म्हणून त्याच्या नाकातोंडात आपल्या तोंडाने फुंकर घालणे हेही तितकेच धोक्याचे आहे. तिसरी वाट तोंडाची, म्हणजे कच्च्या दुधाची.

यांपैकी दुधाची वाट आपल्याकडे बऱ्याच अंशी बंद आहे, ही समाधानाची गोष्ट होय. दूध घरी आले की ते प्रथम तापवावयाचे, ही रीत मराठी घरांतून पूर्वापार आहे. कोणत्याही सरकारी पत्रकावाचून गृहिणींनी ती पाळली आहे. उतू येईपर्यंत तापविलेल्या दुधात हे जंतू जगत नाहीत. दुग्धालयात दूध ६३ अंश सेल्सिअसवर अर्धा तास अथवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवितात, तेवढेही पुरेसे होते. मात्र या रीतीस काही अपवाद आहेत. धारोष्ण दूध बलवर्धक म्हणून पहिलवान व वाढत्या वयाची मुले यांना कासेखालीच पाजले जाते. कच्च्या दुधाचे दही लावून लोणी काढण्याचीही काही ठिकाणी पद्धत आहे. दूध तापविल्याने त्यातील बळ जात नाही, जंतू मात्र जातात. तेव्हा धारोष्ण दुधाची सवय सोडणेच हिताचे होय.

खरा धोका उरतो तो गोठ्यात. स्वयंपाकघरात दुधासाठी जी शिस्त आहे, तशी शिस्त गोठ्यात हातांसाठी नाही. म्हणूनच हा रोग शहरातील दूध पिणाऱ्यापेक्षा गोठ्यात राबणाऱ्यास अधिक होतो. शेतकरी, गवळी, गुराखी, शेळ्या पाळणाऱ्या बाया, पशुवैद्य व त्यांचे सहायक हे सर्व या धोक्याच्या टापूत येतात. गोठ्याचे पुष्कळसे काम स्त्रियाच करतात. गर्भवती स्त्रीला हा रोग झाल्यास गर्भपाताचा धोका असतो. यास्तव तिला व्यालेल्या व गाभडलेल्या जनावराच्या कामापासून अवश्य दूर ठेवावे.

माणसातील लक्षणे व उपचार

जंतू शरीरात शिरल्यापासून बहुधा एक ते चार आठवड्यांत, कधी कधी काही महिन्यांनी, लक्षणे दिसू लागतात. ताप चढ-उतार करीत राहतो. घाम, थकवा, भूक मंदावणे, डोकेदुखी, सांधेदुखी व कंबरदुखी ही प्रमुख लक्षणे होत. पुरुषांत अंडाला सूज येते. रोग जुनाट झाल्यास पाठीच्या मणक्यांत ठाण मांडतो व बळकट माणसासही वाकणे कठीण होते. क्वचित हृदयाच्या झडपांवर परिणाम होऊन जीवही जातो. हा रोग फारसा मारक नाही, परंतु हंगामाच्या ऐन दिवसांत घरचा कर्ता माणूस महिनोन्‌महिने खाटेवर पडला, तर त्या घराची शेती बुडते. हे नुकसान गाईच्या किमतीहून कितीतरी अधिक असते.

अशा तापाची ओळख सोपी नाही. विदर्भात पावसाळ्यात व त्यानंतर हिवताप, विषमज्वर, डेंगी असे अनेक ताप एकाच वेळी चालू असतात. २०१८ साली नागपूर परिसरात स्क्रब टायफस या तापाची मोठी साथ आली होती. अशा वेळी डॉक्टरांना योग्य तपासणी सुचावी म्हणून रोग्याने स्वतः होऊन सांगावयास पाहिजे की, घरी जनावरे आहेत आणि महिन्या-दोन महिन्यांत अमुक गाय वा शेळी गाभडली आहे. हे एक वाक्य अनेक दिवसांचा खर्च व त्रास वाचविते. निदान झाल्यावर हा रोग औषधांनी बरा होतो. उपचार सहसा दोन औषधे एकत्र देऊन किमान सहा आठवडे करावे लागतात. ताप उतरला म्हणून आठ दिवसांत गोळ्या सोडल्यास रोग उलटतो. दुकानातून मनाने औषध आणून घेणे तर सर्वथा टाळावे. माणसापासून माणसास हा रोग क्वचितच लागतो. म्हणून रोग्यास वेगळे टाकण्याचे कारण नाही.

गाय गाभडल्यास काय करावे

१. गाभडलेल्या जनावरास ताबडतोब इतरांपासून वेगळे बांधावे. स्राव पूर्णपणे थांबेपर्यंत, म्हणजे निदान एक महिना, त्यास वेगळे ठेवावे. त्याचे वैरण-पाणी स्वतंत्र असावे व इतर जनावरांचे काम आधी उरकून त्याचे काम शेवटी करावे.

२. मेलेले वासरू, वार व स्राव यांना उघडा हात लावू नये. रबरी हातमोजे घालावेत. ते नसल्यास दोन्ही हातांवर कोपरापर्यंत प्लास्टिकच्या जाड पिशव्या बांधाव्यात. नाकातोंडावर फडके बांधावे व पायांत बूट घालावेत.

३. अडकलेली वार ओढू नये व तिला वजनही बांधू नये. ते काम पशुवैद्याचे आहे.

४. पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. दवाखाना दूर असल्यास १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर वर्दी द्यावी. वासरू व वार यांचे नमुने पशुवैद्य घेतील. तोपर्यंत ती कुत्र्यांपासून सुरक्षित झाकून ठेवावीत.

५. नमुने घेतल्यावर उरलेले सर्व विहीर, नाला व हाळ यांपासून दूर, किमान चार फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. वर काटेरी फांद्या व दगड ठेवावेत. खाली अंथरलेला ओला कडबा व गवत जाळून टाकावे. उकिरड्यावर काहीही टाकू नये.

६. जागा आधी झाडू नये. प्रथम ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने किंवा फिनाइलने ती चांगली भिजवावी, काही वेळाने धुवावी व नंतर उन्हाने वाळू द्यावी. गव्हाणीला व भिंतींना चुन्याचा हात द्यावा.

७. काम संपल्यावर हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत. कपडे उकळत्या पाण्यात घालावेत.

८. त्या जनावराचे दूध चांगले उकळल्याखेरीज कोणीही घेऊ नये, वासरांनाही पाजू नये.

९. घरातील कोणास पुढील दोन-तीन महिन्यांत ताप आल्यास ही घटना डॉक्टरांना सांगावी.

लस: आयुष्यातून एकदाच

जनावरांतील या रोगावर व्यवहारात उपयोगी पडेल असा उपचार नाही. काही देशांत रोगी जनावरे शोधून ती मारून टाकली जातात व त्यायोगे रोगाचे निर्मूलन केले जाते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने मनाई आहे आणि २०१५ सालच्या दुरुस्तीने बैल व वळू यांनाही ती लागू झाली. तेव्हा येथे लस व अलगीकरण हेच मार्ग उरतात.

या रोगाची लस मादी वासरांनाच टोचावयाची असते. म्हणजे गाईच्या कालवडी व म्हशीच्या वगारी. वय चार ते आठ महिने असावे. ती आयुष्यात एकदाच द्यावयाची असते. गोऱ्ह्यांना व रेड्यांना ती देऊ नये, कारण त्यांच्या अंडांवर परिणाम होतो. गाभण जनावरांनाही देऊ नये, कारण तिच्यामुळेच गर्भपात संभवतो. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ-खुरकुत व सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात मादी वासरांना ही लस टोचण्याचा समावेश करण्यात आला.

वयाची ही मुदत लक्षात ठेवणे हाच या कामातील कळीचा मुद्दा आहे. घटसर्प व फऱ्या यांची लस दरवर्षी मिळते. एका वर्षी चुकली तर पुढल्या वर्षी घेता येते. या लसीची संधी मात्र चार महिन्यांनी निघून जाते. दिवाळीत जन्मलेल्या कालवडीची वेळ होळीच्या सुमारास सुरू होते व पावसाळ्याच्या सुरुवातीस संपते. गोठ्यात मादी वासरू जन्मले की त्याची तारीख दाराच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवली, तरी काम भागते. लस टोचल्यावर कानातील बारा अंकी बिल्ल्याच्या क्रमांकासह नोंद करून घ्यावी. ती नसल्यास पुढे रक्ततपासणीचा अर्थ लावताना घोटाळा होतो.

लसीत जिवंत जंतू असतात, ही गोष्ट टोचणाऱ्याने विसरू नये. हातमोजे व चष्मा वापरावा. सुई चुकून स्वतःस टोचल्यास अथवा लस डोळ्यात उडाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जनावर धरणाऱ्या माणसानेही तितकीच काळजी घ्यावी.

खरेदी आणि विक्री

रोग नव्या गोठ्यात बहुधा नव्या जनावराबरोबरच येतो. बाजारात गाय घेताना कास, दात व शिंगे पाहिली जातात. रक्त तपासले जात नाही. निदान ओळखीच्या पशुवैद्याकडून तपासणी झाल्याखेरीज दुभते जनावर विकत घेऊ नये. घरी आणल्यावर ते महिनाभर वेगळे बांधावे व पुन्हा एकदा तपासून मगच कळपात मिसळावे. वळू अथवा रेडा तपासलेला असावा. कृत्रिम रेतनासाठी मान्यताप्राप्त केंद्रातील रेतच वापरावे.

विकणाऱ्याचीही काही जबाबदारी आहे. गाय गाभडली, तिचा नफा गेला, म्हणून ती काही न बोलता पुढच्या बाजारात उभी केली जाते. विकणाऱ्यावर ओढवलेली अडचण खरी असते आणि त्याला दोष देणे सोपे असते. परंतु ती गाय ज्याच्या दारी जाईल तोही त्याच्यासारखाच एक शेतकरी असतो, त्याच्या घरीही मुलेबाळे असतात. रोगी ठरलेली गाय न विकता वेगळी ठेवून सांभाळणे, तिच्या वेतास वरील सर्व काळजी घेणे आणि तिच्या कालवडींना लस टोचून हळूहळू निरोगी कळप उभा करणे, हाच सचोटीचा व अंती फायद्याचा मार्ग होय.

इतर तीन रोग

काळपुळी: या रोगात जनावर अचानक मरते. नाकातून व गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येते. असे जनावर फाडू नये व त्याचे कातडेही सोलू नये. कारण प्रेत उघडले की जंतू हवेच्या संपर्कात येऊन टणक बीजरूप धारण करतात व जमिनीत अनेक दशके टिकतात. माणसाच्या कातडीवर न दुखणारी, मध्यभागी काळी खपली असलेली पुळी उठते. वेळीच औषध मिळाल्यास हा आजार बरा होतो. अंगावर काढल्यास प्राणघातक ठरतो. शंका येताच पशुवैद्यास बोलवावे व प्रेत न उघडता सहा फूट खोल पुरावे.

क्षय: जनावरांचा क्षय कच्च्या दुधातून व श्वासातून माणसास होऊ शकतो, तसेच क्षयरोगी माणसापासून जनावरासही तो होऊ शकतो. जनावर खंगत जाणे व दीर्घकाळ खोकणे ही शंकेची चिन्हे होत. कातडीत औषध टोचून त्याची परीक्षा करता येते.

लेप्टो: याचे जंतू उंदीर व जनावरे यांच्या मुतातून पाण्यात व चिखलात येतात आणि पायांच्या भेगांतून माणसाच्या शरीरात शिरतात. जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. रामटेक, मौदा, कुही या धानाच्या पट्ट्यात रोवणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्यांनी पायांच्या जखमा झाकाव्यात. ताप, पायाच्या पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळे लाल होणे ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

संसर्गजन्य पशुरोगांसंबंधी २००९ साली केंद्राचा कायदा झाला. त्यातील सूचित रोगांमध्ये काळपुळी व सांसर्गिक गर्भपात यांचा समावेश आहे. अशा रोगाची शंका आल्यास मालकाने गावच्या अधिकाऱ्यास अथवा ग्रामपंचायतीस वर्दी द्यावी आणि तेथून ती पशुवैद्याकडे जावी, अशी त्यात तरतूद आहे. वर्दी देणे म्हणजे मालकावर बालंट आणणे नव्हे. ते त्याच्या शेजाऱ्याचे संरक्षण होय, हे गावकऱ्यांना समजावून सांगावयास पाहिजे.

कायद्याहून अधिक उपयोगी अशी एक साधी गोष्ट गावातच करता येण्याजोगी आहे. कोणाची गाय वा शेळी गाभडली, हे पशुसखीस अथवा पशुवैद्यकीय दवाखान्यातील कर्मचाऱ्यास कळते. कोणाच्या घरी बरा न होणारा ताप आहे, हे आशा कार्यकर्तीस कळते. दोघींची घरे पुष्कळदा एकाच आळीत असतात; परंतु एकीची वही दुसरीने पाहिलेली नसते. महिन्यातून एकदा ग्रामपंचायतीत या दोन वह्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि ज्या घरी गाभडलेले जनावर आहे त्याच घरी ताप आढळला, तर त्या रोग्यास रक्ततपासणीसाठी पाठवावे. ज्या घरी आधी ताप आढळला, तेथील जनावरांचीही तपासणी करवून घ्यावी. याला यंत्र लागत नाही व पैसाही लागत नाही.

पोळ्याच्या दिवशी शेतकरी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लावतो, त्यांना सजवितो व हात जोडतो. नागपुरात दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लहान मुलेही लाकडी बैल घेऊन दारोदार जातात. ज्या समाजात जनावर घरचेच मानले जाते, तेथे त्याच्या आजाराची बातमीही घरच्या माणसाच्या आजाराइतकीच तत्परतेने दवाखान्यात पोहोचली पाहिजे. दूध उकळण्याची रीत घराघरात रुजली, ती कोणी सक्ती केली म्हणून नव्हे. गाभडलेल्या जनावरास उघडा हात न लावणे, वार खोल पुरणे, कालवडीस वेळेवर लस टोचणे आणि ताप आल्यास गोठ्यातील हकिकत डॉक्टरांना सांगणे, या चार रीतीही तशाच रुजल्या, तर गाईचा रोग गाईपाशीच थांबेल आणि कालांतराने गोठ्यातूनही हद्दपार होईल.